पाठ फिरवून ऐकणारे आप्पा

शिवणाची मशीन दुरुस्त झाली की आप्पा पाठ फिरवायचे.

नवीन बाई असली की तिला वाटायचं, म्हातारा रुसला. आप्पा भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं, चालव आता. घरी चालवतीस तशी चालव, माझ्यासाठी म्हून नटवू नको." बाई बावरून पायडल मारायची. आप्पा ऐकत राहायचे. आवाज पसंत पडला तर मान डोलवायचे. नाही पडला तर काही न बोलता नुसता उजवा हात वर करायचे. हात वर झाला की समजायचं, मशीन परत खोलायची. मग बाईची एसटी चुकली काय, घरी पोरं उपाशी वाट बघत बसली काय, आप्पांना त्याचं सोयरसुतक नसे. "डोळ्याला मशीन फसवती, कानाला न्हाई," असं म्हणून ते पाना उचलायचे.

दौंडला रेल्वे लायनीच्या अलीकडं आमची गल्ली. आप्पांची आणि माझी भिंत एकच. आता त्यांच्या ओसरीला कुलूप आहे, मुलगा त्यांना चाकणला घेऊन गेला. पण इतकी वर्षं त्या भिंतीतून कानशीचा आवाज आणि डिझेलचा वास माझ्या घरात येत होता. मी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते, तेही मोटारीच्या मशीनवर. त्या मोटारीवरून आप्पांनी माझा जन्मभर उद्धार केला. "सुनंदा, मोटारीवर शिवणं म्हंजी दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं."

"पोट भरतंय ना आप्पा?"

"लाईट गेली की कळंल."

आणि लाईट जायचीच. माझी मशीन बंद पडायची आणि भिंतीपलीकडून सिंधूकाकीच्या पायमशीनचा आवाज तसाच चालू राहायचा. सिंधूकाकी म्हणजे आप्पांची बायको. ती मला मुद्दाम चिडवायला त्याच वेळी शिवायला बसते, असा माझा संशय होता, आणि तो खराही होता.

आप्पा रेल्वेच्या लोको शेडमध्ये इंजिनांचे फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. आप्पांनी ओसरीत बाक टाकला, त्यावर लोखंड पकडायची वाईस बसवली आणि जुन्या पायमशीनी दुरुस्तीला घेतल्या. साध्या नव्हेत. कधीकाळी रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं गाव सोडून गेली, तेव्हा त्यांच्या घरातल्या काळ्या, सोनेरी वेलबुट्टीच्या मशीनी इथल्या बायकांनी घेतल्या होत्या. आमच्या आज्यांच्या वयाच्या त्या मशीनी. खालचा दोरा घेऊन धावणारी त्यांची शटल होडीच्या आकाराची, आत बोटाएवढी लांब बॉबीन. असला भाग आता कुठल्या दुकानात मिळत नाही. दुकानदार उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, भंगारात घाला. दौंडपासून भीमेपलीकडं शिरूर तालुक्यातल्या वस्त्यांपर्यंत त्या मशीनी पसरल्या होत्या. मळ्यात दिवसा लाईट कधी येते, कधी जाते, म्हणून तिथं त्या अजून पोट भरत होत्या.

झिजलेला भाग फेकलेला मी आप्पांना कधी पाहिला नाही. सुईची दांडी वरखाली होऊन भोक मोठं झालं की ते पितळेची नळी, म्हणजे बुश, कापून, घासून, आत अशी बसवायचे की नखाला सांधा लागू नये. कापड पुढं ढकलणारे दाते बोथट झाले की बारीक कानशीनं एकेक दाता परत उभा करायचे, तेही जिभेचं टोक ओठात धरून. "झिजलं म्हंजी मेलं न्हाई. झिजलेल्याला भर घालायची आसती," हे त्यांचं दुसरं वाक्य. फक्त शटलपुढं त्यांनी हात टेकले होते. तिचं टोक मोडलं की ते परत होत नाही. किती वेळा त्यांनी पोलाद घासून नवं टोक करून पाहिलं, पण टाका सुटायचा तो सुटायचाच. मग एखाद्या मेलेल्या मशीनची शटल मिळाली तर घालायची; चालू मशीन भागासाठी त्यांनी कधी मोडली नव्हती.

बोलण्यात माणूस तिरसट. यवतला हायवेवर एका हॉटेलवाल्यानं असल्या मशीनींचे लोखंडी पाय जमवून वर फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांची जेवायची टेबलं केली होती. माझ्या भाच्याच्या साखरपुड्याहून येताना आम्ही तिथं थांबलो. आप्पांनी खाली पाय लांब केला, तो पायडलवर पडला आणि पायडल करकरलं. झालं! म्हाताऱ्यानं पिशवीतून तेलाची कुपी काढली आणि टेबलाखाली शिरला. वेटर परप्रांतीय पोऱ्या, तो वाकून म्हणाला, "अंकल, कुछ गिर गया क्या?"

"व्हय बाबा," आप्पा खालूनच बोलले, "लई काय काय गिरलंय."

आजूबाजूची सगळी टेबलं तेल पाजून झाल्यावर ते बाहेर आले आणि जेवलेच नाहीत. "मढ्यावर ताट मांडून जेवत्यात लेकाचे," म्हणाले. सिंधूकाकीनं त्यांच्या वाटची भाकरीसुद्धा आपल्या ताटात ओढली. "मढं न्हाई म्हनत कुनाला, 'नगं जेवू' म्हून," एवढं बोलून ती शांतपणे जेवली.

खरं सांगायचं तर घरातला कान तिचाच. आप्पांचं पाठ फिरवणं गिऱ्हाइकाला दिसायचं, पण आप्पांनी मान डोलवली तरी आतून, गॅसपुढून, तिचा आवाज यायचा, "अवो, सुई आदळती! बुश ढिला हाय."

"तू तुझी भाकर बघ, करपंल!" आप्पा ओरडायचे आणि गुपचूप मशीन परत खोलायचे. ओसरीत कुणी नुसतं चाक फिरवलं तरी काकी आतून सांगायची, मशीन कुणाची. "वडगावची कमल आली वाटतं. तिची जरा खोकल्यागत वाजती." बाहेर येऊन बघावं तर वडगाव रासाईची कमलच असायची.

काकीची स्वतःची मशीन खाटेशेजारी, खिडकीखाली. कॉलनीतल्या एका मॅडमनं जाताना ती तिला दिली होती. तिला आप्पांनी पाना लावलेला काकीला खपायचा नाही. तेल तीच घालायची, धागे तीच काढायची. "हिच्यातलं समदं मूळचं हाय," असं ती सांगायची, एखादी बाई माहेरच्या सोन्याविषयी सांगते तसं. त्या मशीनचा आवाज मऊ होता. चाळणीतून पीठ पडावं तसा, एकसारखा.

मग एका उन्हाळ्यात काकीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज व्यायाम करून घ्या, पाय येईल. आप्पांनी तो शब्द असा धरला की त्यांच्यापुढं दुसरं कुणी काही बोलायची सोय राहिली नाही. भंगारातलं एक पायडल आणून त्यांनी खाटेच्या पायथ्याशी बसवलं, मागं स्प्रिंग लावली आणि काकीचा उजवा पाय त्याच्यावर ठेवला. सकाळी चहा पाजायच्या आधी म्हणायचे, "मशीन तयार हाय. तू पाय तेवढा आन." संध्याकाळी दिवा लावला की ते तिच्या मशीनवर बसायचे आणि थोडा वेळ ती नुसती चालवायचे. मशीन जाम होऊ नये म्हणून, आणि तिनं ऐकावी म्हणून. काकी पडल्या पडल्या ऐकायची आणि त्या ठेक्यावर पाय दाबायचा प्रयत्न करायची.

आणि पाय येत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी अंगठा हलला. पावसाळा संपता संपता चवडा दाबायला लागली. पायडलची स्प्रिंग वाजली त्या दिवशी आप्पांनी गल्लीत पेढे वाटले आणि माझ्या हातावर दोन ठेवले. "एक तुझा, एक मोटारीचा," म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर कमल आली. कमलचा नवरा गेलेला, पदरात दोन पोरी. वडगावातल्या आणि मळ्यातल्या बायकांचे ब्लाउज, पोरांचे गणवेश, सगळं तिच्याकडं. तिच्या शटलचं टोक मोडलं होतं. आप्पांनी दुपारभर घासून पाहिलं. तीन तऱ्हा केल्या, चौथी केली. टाका धरेना. मी चहा घेऊन गेले तर कमल ओसरीच्या पायरीवर बसलेली. रडत नव्हती. नुसती हातातल्या मोडक्या शटलकडं बघत होती.

"आप्पा, कापडं लोकांची हायती," ती म्हणाली. "दिवाळीला न्हाई दिली तर परत कोन देनार न्हाई. मंग म्या काय करू?"

आप्पा उठले. आत गेले. काकीला डुलकी लागली होती. त्यांनी तिच्या मशीनची पट्टी सरकवली, शटल काढली आणि तिच्या जागी कमलची मोडकी घातली. मी दारात उभी होते. माझ्याकडं बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "नुसती उभीच हाय ना ही," हळूच म्हणाले. "हिचा पाय येस्तोवर म्या दुसरी हुडकतो. हिला सांगू नको." कमलला सांगितलं, भंगारात सापडली. मग पाठ फिरवून तिच्या मशीनचा आवाज ऐकला आणि मान डोलवली. कमल मशीन टेम्पोत घालून, आशीर्वाद देत गेली.

दुसरी शटल त्यांनी खरंच शोधली. पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन आले, ओळखीच्या भंगारवाल्यांकडं निरोप ठेवले. पण एकदा चालू मशीनमध्ये हात गेला की गेला. यवतच्या बाजारात पिशव्या शिवून विकणारी एक म्हातारी होती. तिचे दाते पार सपाट झाले होते, घासायला लोखंडच उरलं नव्हतं. काकीचे दाते तिला गेले. मग कॉलनीतल्या शिंप्याची सुईदांडी वाकली, आणि काकीची सरळ दांडी तिकडं गेली. दर वेळी गिऱ्हाइकाचा झिजलेला भाग काकीच्या मशीनमध्ये येऊन बसायचा. मशीन वरून होती तशीच दिसायची, काळी, सोनेरी वेलीची. संध्याकाळी आप्पा तिच्यावर बसून ती चालवायचे आणि म्हणायचे, "मशीन तयार हाय."

कमल मशीन घेऊन गेली त्या संध्याकाळीच काकीचा पाय थांबला. मला वाटलं, दमली असेल. दिवाळी गेली तरी पाय पायडलवर नुसता पडलेला. आप्पांनी लाडीगोडी केली, मग रागावले. "आळशी झाली ही! येत आलेला पाय, आन् हिला कंटाळा आला!" काकी छताकडं बघत राहायची.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले तेव्हा आप्पा बाजारात गेले होते. काकीनं डाव्या हातानं मशीनकडं खूण केली. चाक फिरव. मी फिरवलं.

"शटल," ती एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलली. "कमलची."

माझा हात चाकावरच राहिला. तिनं परत खूण केली. मी परत फिरवलं.

"दाते... यवतची म्हातारी. दांडी... शिंप्याची."

"काकी, आप्पा दुसरी बघतायत. तुमचा पाय येईपर्यंत आणतीलच," असं काहीतरी मी बडबडले.

तिनं मान हलवली. "चालू मशीन... हे मोडत न्हाईत कवा." थोडं थांबली, थुंकी गिळली. "मोडली... म्हंजी ह्यास्नी ठावं हाय. पाय येत न्हाई. डाक्टर खोटं बोलतो. हे न्हाई."

मी तिला शपथेवर सांगितलं की तसं नाही. आप्पांनी आशा सोडलेली नाही, कमलची दया आली म्हणून ते घडलं. पण मी पिको करणारी बाई, माझ्या शपथेला काय किंमत! तिनं सगळा संसार ज्या माणसाबरोबर केला तो माणूस झिजल्याला भर घालायचा आणि मेल्याचे भाग काढून जित्याला घालायचा. तिच्या मशीनचे भाग त्यानं काढले, तेव्हा तिच्या लेखी निकाल लागला होता. तो तिनं कानानं ऐकला होता, आणि कानापुढं तिच्याकडं कुणाचीच साक्ष चालत नव्हती.

"त्यास्नी सांगू नगं," ती म्हणाली. "मला कळलं... म्हून कळू दिऊ नगं. झुरत्याल."

मला त्या दिवशी दोघांचाही संताप आला. इतकी वर्षं एकमेकांवर ओरडत संसार केला, आणि नेमकं जेव्हा ओरडायला हवं होतं तेव्हा दोघंही एकमेकांना जपत बसले.

होळीच्या सुमारास काकी गेली.

दहाव्याला भीमेच्या घाटावर आम्ही सगळे. पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एक खाली येईना. मुलानं हात जोडून सांगितलं, "आप्पांना अंतर देणार नाही." लेकीनं सांगितलं, "तुझी नात शिकवीन." भाऊ बोलला, नणंद बोलली. कावळे बाभळीवरच. ऊन तापायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, तुमीच बोला. जीव कशात गुतलाय ते तुमालाच ठावं."

आप्पा पुढं आले. हात जोडले. "मशीन..." एवढं म्हणाले आणि पुढचं त्यांच्या तोंडून येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे पाय धुऊन उठले. मी खाली मान घालून उभी होते.

तेरावा झाला आणि पाहुणे गेले तसे आप्पा माझ्या दारात आले. डोक्याला टोपी, हातात हत्यारांची पिशवी. "तुझी ती फटफटी काढ. वडगावला जायाचंय."

"कशाला आप्पा?"

"शटल आनायची. तिची तिला देतो. मंग बाकीचं."

मोटारीला जन्मभर शिव्या देणारा माणूस माझ्या स्कुटीवर मागं बसला. पिशवी मांडीवर घट्ट धरून.

कमलचं घर नदीच्या अंगाला, उसाला लागून. दारातच मशीन, मशीनवर शाळेचे निळे फ्रॉक, बाजूला कापलेल्या कापडाचा ढीग. धाकटी पोरगी गुंड्या लावत बसलेली. कमलनं आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, काकीसाठी डोळ्यांना पदर लावला. शटल काकीची आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "आप्पा, तुमी ती भंगारातली दिली ना, तवापास्नं एक टाका सुटला न्हाई बघा."

आप्पांनी पिशवीत हात घातला होता. तो तसाच आत राहिला. त्यांनी फ्रॉकांच्या ढिगाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं.

"चालव जरा," ते म्हणाले. "ऐकतो."

आणि पाठ फिरवली.

कमलनं पाय टाकला. चाळणीतून पीठ पडावं तसा तो आवाज आला. बाकीची मशीन कमलची होती, तिची ती खोकल्यागत कुरकुर होतीच. पण तिच्या पोटातून तो मऊ, एकसारखा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मला, मोटारीवर शिवणाऱ्या बाईला, तो ओळखू आला. मला भिंतीपलीकडची काकी आठवली आणि रडू आवरेना. आप्पांची पाठ माझ्याकडं होती. ती हलली नाही. कमलनं एक अख्खी बाही जोडून संपवली तरी ते तसेच उभे होते.

"आप्पा? बराबर हाय ना?"

"बराबर हाय," ते म्हणाले. "शिव तू. थांबू नको."

पिशवी न उघडता ते स्कुटीवर येऊन बसले. कमलनं चहा ठेवला होता, तो घेतला नाही.

भीमेच्या पुलावर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी गाडी कडेला घेतली. उसाचे ट्रॅक्टर जात होते, पूल हादरत होता. ते जाईपर्यंत आप्पा थांबले.

"सुनंदा, आवाजात केवढा फरक हाय," ते म्हणाले. "मोडकी शटल घालून म्या रोज तिच्याम्होरं मशीन चालवली. बहिऱ्याला कळंल, एवढा फरक." मग पिशवी सावरत, "पाय त्याच दिशी थांबला व्हता न्हाई का?"

मी स्कुटीचा आरसा पदरानं पुसू लागले.

"तिला कळलं व्हतं?"

मला काकीचा शब्द आठवला. झुरत्याल, म्हणाली होती. मी आप्पांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही आप्पा. काकींना काही कळलं नव्हतं. शेवटपर्यंत म्हणत होत्या, माझी मशीन तयार आहे."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग वळले. कठड्याला धरून, नदीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ केली. त्यांनी डोळे मिटले असणार, मला दिसत नव्हतं.

"हं," ते म्हणाले. "परत बोल."

मी परत तेच बोलले, शब्दाला शब्द, आवाज कापू न देता.

आप्पांनी हात वर केला.